तीन पायांची दुर्बीण

तळ्यावर तीन पायांचं यंत्र लावून कुणी माणूस उभा असतो, ही बातमी मला पाववाल्या पदेराने दिली. सायकलचा भोंगा वाजवत तो दारात आला, उंडे टोपलीत टाकले आणि जाता जाता म्हणाला, "वयनी, तळ्यार कोण आयलो हा? तीन पायांचा कायतरी लावन एक डोळो मिटून बघता." त्याला वाटलं, गंमत सांगतोय. मी मात्र टोपली हातात घेऊन तशीच उभी राहिले. उंडे गार झाले तरी मला चहा ठेवायचं सुचलं नाही.

आमच्या डिचोली तालुक्यात तीन पायांचं यंत्र कशाला येतं, हे लहान पोरसुद्धा सांगेल. मी मांद्र्याहून लग्न होऊन या गावात आले त्या साली खालच्या वाड्यावर असंच एक मोजणीचं यंत्र आलं होतं. एक डोळा मिटून बघणारा एक माणूस आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून उभा राहणारा दुसरा. खुळ्या लोकांनी त्यांना शहाळी फोडून दिली. मी नवी नवरी, मलाही हौस, मीही त्या यंत्रात डोळा घालून पाहिलं. आत काळी फुली होती आणि पलीकडची माणसं डोकं खाली, पाय वर अशी उलटी दिसत होती. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसलो. पुढे वर्षभरात डोंगराला खाणीचा शॉवेल लागला आणि सगळ्यांचं हसू पळालं.

जमिनी खाणीला देताना लोकांनी रीत मात्र पाळली. आमच्याकडे प्रत्येक डोंगराला, पोफळीच्या कुळागराला राखणदार असतो. पौषात त्याला रोट द्यायचा, सीमेच्या दगडावर नारळ ठेवायचा. एरवी त्या दगडावर नारळ ठेवायची पाळी एकदाच येते, जमीन दुसऱ्याच्या हाती जायची असेल तेव्हा. शेंडीचा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं की बाबा, उद्यापासून इथे आमचा पाय नाही, आमच्यावर कोपू नकोस. नारळ रात्रभर तसाच राहतो. सकाळी येऊन फोडला, की शब्द दिला गेला, मग माघार नाही. त्या साली खालच्या वाड्यावरचा एकेक सीमेचा दगड मी नारळ ठेवलेला पाहिलाय. आज तिथे दगड नाहीत आणि डोंगरही नाही, लाल पाण्याचा खड्डा आहे. माझ्या शेजारणीची, शेवंतीची विहीर तेव्हापासून चैत्रातच तळ दाखवते.

आमचं कुळागर तेवढं वाचलं, कारण आमची झर वाचली. तळ्याच्या पलीकडचा डोंगर आमचा. वर काजू, खाली रान. त्या डोंगराच्या कुशीतून झर निघते आणि पाटाने तळ्याच्या कडेकडेने वळसा घेत आमच्या पोफळींना येऊन मिळते. तो डोंगर गेला तर झर गेली, झर गेली तर पोफळी, केळी, मिरीचे वेल, सगळंच गेलं. मग आम्ही दोघांनी दाराच्या पायरीवर बसून धुळीचे ट्रक मोजायचे. म्हणून मी त्या डोंगरावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवते. गावात मला संशयी म्हणतात. म्हणेनात का. ज्यांनी संशय घेतला नाही त्यांच्या विहिरी बघून या.

आमच्या घरात आता दोघंच. मुलगी सिद्धी लग्न होऊन फोंड्याला गेली. आमचे हे, शांताराम, नाकासमोर चालणारे. कुणी तोंडावर खोटं बोललं तरी यांना ते खरं वाटतं. यांच्या वाटणीचा संशयही मलाच घ्यावा लागतो, असं मी नेहमी म्हणते आणि हे नेहमी हसतात.

तर त्या सकाळी मी विळा कमरेला लावला, पाट बघायला निघाल्यासारखं करून तळ्याच्या वाटेला लागले. ही वाट म्हणजे पाटाचा बांधच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रान. वळणावर कुंभ्याच्या झाडाखाली तो उभा होता. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर कापडी टोपी, पायात बूट. समोर तीन पायांवर जाडजूड नळी, आणि नळीचं तोंड थेट आमच्या डोंगराकडे! मला वाटलं, विळा बरोबर आणला ते बरंच झालं.

"काय बघतास तुमी?" मी विचारलं.

तो दचकला नाही. हात जोडले आणि म्हणाला, "हांव सवणीं पळयतां, बाये. फकत सवणीं."

सवणीं म्हणजे पाखरं, एवढी कोंकणी मलाही येते. या भाषेवरून तर माझी नि शेवंतीची वर्षभर बोलाचाली बंद होती. मी मराठीवाली, ती कोंकणीवाली, आणि भांडलो दोघी एकाच बोलीत. आता गोव्याचं राज्य होऊन दहाएक वर्षं झाली, तो ताप उतरला. पण हा माणूस मडगावकडचं बोलत होता. मडगावहून इतक्या लांब येऊन पाखरं बघायची? तिकडची पाखरं काय याच्याशी बोलत नव्हती? माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याने नाव सांगितलं, रामचंद्र केंकरे. कॉलेजात शिकवत होता, आता निवृत्त झालाय, डिचोलीत भाच्याकडे उतरलाय. मी विचारल्यावाचून त्याने हे सगळं सांगितलं, म्हणजे पाठ करून आला असणार.

"ह्यो डोंगर आमचो," मी म्हटलं. "इकणा नाय आमी."

"कशाला विकायचा?" तो लगेच मराठीत म्हणाला. "असा डोंगर कुणी विकतं का? तुम्ही बघा तरी यातून. त्या मोठ्या घोटिंगाच्या ढोलीत धनेशाची मादी बसलीय."

कुणाच्याही नळीत डोळा घालायची हौस एकदा फिटली होती माझी. मी बघितलं नाही. मागे वळून वळून त्याच्याकडे बघत घरी आले.

जेवताना मी यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, नेहमीप्रमाणे म्हणतील की असेल बिचारा, बघू दे पाखरं. पण हे जेवायचे थांबले.

"डोंगराकडे बघता तो?"

"नळी थंयच लायल्यान."

"मगे हाकल त्येका," हे म्हणाले. "सांग, हंय उबो रवा नुको. आमची वाट ती."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या माणसाने परक्याला हाकलायची गोष्ट केली होती. मी आनंदाने यांच्या भातावर आणखी एक डाव कढी वाढली. देवा, कढी वाढली मी.

त्यानंतर मी पाळत धरली. रोज कधी पाट साफ करायच्या निमित्ताने, कधी सुकी झावळी ओढून आणायच्या निमित्ताने तळ्यावर जायची. तो असायचाच. मी दिसले की हात जोडायचा, मी तोंड फिरवायची. एकदा नळीसमोर मुद्दाम पदर पसरून उभी राहिले, अर्धा तास हललेच नाही. तो चिडला नाही. पाटाच्या कडेला बसून डब्यातला पाव खाऊ लागला आणि समोर बघत एकटाच बोलल्यासारखं मला सांगू लागला.

त्या धनेशाची कथा सांगत होता. आम्ही मांद्र्याला त्याला ककणेर म्हणतो, मोठ्या पिवळ्या चोचीचं, उडताना झाप झाप आवाज करणारं पाखरू. मादी म्हणे ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. अंडी घालते, पिल्लं मोठी होईपर्यंत आतच. नर बाहेरून फळं आणून भरवतो. तो आला तर ती जेवली, नाही आला तर उपाशी.

"आणि तो भायर काय करता, ता हिका कशा कळतला?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

तो हसला. "नाही कळत. तिला विश्वासच ठेवावा लागतो."

"खुळी मगे ती," मी म्हटलं आणि पदर आवरून निघाले.

त्याला हाकलून द्यायला मात्र माझी जीभ उचलेना. चांगलं बोलत होता म्हणून नव्हे. साखर पेरणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण हाकललं तर तो दुसऱ्या वाटेने येईल, मग माझ्या नजरेआड राहील, असा माझा हिशोब. हे मात्र रोज संध्याकाळी विचारायचे, "गेलो काय गो तो?" नाही म्हटलं की यांचा चेहरा पडायचा. मला वाटायचं, बिचाऱ्यांना डोंगराची काळजी लागलीय. रात्री झोप नाही, या कुशीवरून त्या कुशीवर. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठायचे. मी विचारलं तर म्हणाले, वय झालं. कसलं वय, मी म्हटलं, पोफळीवर तर अजून माकडासारखे चढता. यंदा सुपारी जरा उशिरा पाडू, एवढंच म्हणाले.

मग तो दिवस आला. फाल्गुन नुकताच लागला होता. हे सकाळीच धुतलेला सदरा घालून निघाले. पंपाचा वॉशर गेलाय, डिचोलीच्या बाजारात जाऊन येतो, म्हणाले. हातात पिशवी होती. मी म्हटलं, येताना बांगडे आणा. हो म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळाने मी माळ्यावर चढले. देवासाठी शेंडी राखून ठेवलेले नारळ मी तिथे वेगळे ठेवते. घरातल्या घरात कुणी हात लावायचा नाही, असा माझा शिरस्ता. बघते तर एक नारळ कमी. मोठा, गोल, तांबूस शेंडीचा. शिमग्याच्या नमनाला काढून ठेवलेला. मी टोपली उलटी केली, कोपरे धुंडाळले. नारळाला पाय फुटत नाहीत.

मी शेवंतीला गाठलं. ती दारात तांदूळ पाखडत होती. विचारलं तर सूप खाली ठेवून माझ्यावरच उलटली. "तुझो नारळ माका कशाक? माझ्या दारात चार माड आसत!" मग जरा थांबून म्हणाली, "काल तो पाखरांवालो तुमच्या खळ्यातसून जाय होतो. पाणी मागूक इल्लो म्हणे."

मी घरी नव्हते तेव्हा? माझ्या खळ्यातून? आता मात्र माझ्या डोळ्यांपुढे सगळं लखलखीत उभं राहिलं. पाखरं कसली नि काय. घरात शिरून बघून गेला. नारळ घेतला. शेंडीचा नारळ या माणसाला कशाला लागला असेल? कुणी तरी रीत शिकवून पाठवला असेल. आमच्या सीमेच्या दगडावर आमचाच नारळ ठेवून मोकळा व्हायचा! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. विळा न घेताच मी तळ्याच्या वाटेला धावले. चप्पल एका ठिकाणी चिखलात राहिली, ती घ्यायलाही थांबले नाही.

तो कुंभ्याखाली होता. नळीला डोळा लावून, तोंडभर हसत.

"नारळ खंय नेलास?" मी ओरडले.

"कसला नारळ?"

"माझ्या माळ्यावरचो! काल घरात इल्लास मां तुमी?"

तो गोंधळला. काल पाणी प्यायला आलो होतो, म्हणाला, तुमच्या मालकांनीच तांब्या दिला, मी पायरीवरच होतो. मग मालक म्हणाले, इथे येऊ नका, बायकोला आवडत नाही. मी त्यांना सांगितलं, मादी पुढच्या महिन्यात बाहेर पडेल, तोवर येऊ द्या.

मला हे मुळीच पटलं नाही. आमचे हे मला सांगितल्याशिवाय राहिले असते? कुणाला पाणी दिलं, कुणाला पान दिलं, सगळं सांगतात मला.

"यंत्र मोजणीचा आसा," मी म्हटलं. "माका शिकवू नुको. मी बघलंय आत. काळी फुली असता. माणसा उलटी दिसतत."

त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि बाजूला झाला. "मग बघा," म्हणाला. "फुली दिसली तर हे यंत्र तळ्यात टाका."

मी डोळा लावला. आधी नुसतं हिरवं पाणी हललं. मग त्याने कुठलंसं चाक फिरवलं आणि घोटिंगाचं खोड इतकं जवळ आलं की मी हात पुढे केला. ढोली लिंपलेली, मधे फट. फटीतून चोचीचं टोक. फांदीवर नर बसला होता, घशातून एकेक फळ वर काढून त्या टोकात ठेवत होता. फुली नव्हती. पाखरू सुलटं होतं, डोकं वर, पाय खाली.

मी इतक्यावर हार मानणारी नाही. पाखराचं काय, माणसं उलटी दिसतात की नाही ते बघायला हवं. मी नळी धरली आणि माझ्या हाताने डोंगराच्या वरच्या अंगाला वळवली. काजू सरकले, झरीवरची खडकाळ जागा सरकली, मग सीमेचा दगड आला. तिथे माणसं होती.

दोघे अनोळखी. एकाच्या डोक्यावर पिवळं टोप, खाणीवर घालतात ते. तो आमच्या काजूला टेकून सिगारेट ओढत होता. दुसरा हात लांब करून डोंगराच्या माथ्याकडे काही दाखवत होता. आणि दगडापुढे, धुतलेला सदरा घालून, पाठीत जरासे वाकून, हात जोडून आमचे हे उभे होते. दगडावर तांबूस शेंडीचा नारळ होता. यांचे ओठ हलत होते. खूप वेळ हलत होते. घरात हे इतकं सलग कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

माणसं सुलटी दिसत होती. उलटी दिसली असती तर मी सुटले असते.

"देव करतायत का ते?" मागून रामचंद्र विचारत होता. त्यालाही तिकडे हालचाल दिसली असावी. "आज काही सण आहे?"

"होय," मी म्हटलं. "देव करतत."

त्याला काय कळणार, मडगावच्या माणसाला. दगडावर नारळ, पुढे हात जोडलेला म्हातारा, कुणालाही पूजाच वाटली असती. मला मात्र प्रत्येक शब्द ऐकू आल्यासारखा वाटला. उद्यापासून इथे आमचा पाय नाही. सगळ्या जगावर संशय घेतला मी. पदेरावर घेतला, शेवंतीवर घेतला, या पाखरांवाल्यावर घेतला. एक माणूस तेवढा त्यातून वगळला होता. नळी सोडून मी मागे वळले.

"माझो नारळ मिळालो," मी रामचंद्राला म्हटलं. खरं तर माफ करा म्हणायचं होतं. माझी चिखलातली चप्पल त्याने आणून माझ्या पायाशी ठेवली.

तळ्याला वळसा घालून मी वर चढले तोवर कुणी नव्हतं. जीपच्या चाकांचे ताजे माग होते, विझलेलं थोटूक होतं. नारळ होता. हळद लावलेली, कुंकू लावलेलं, शेंडी नीट विंचरल्यासारखी. अजून फोडलेला नव्हता. सकाळपर्यंत फोडायचा नसतोच.

राखणदाराचा नारळ कुणी उचलत नाही. चोरसुद्धा उचलत नाही. मी दगडापुढे बसले आणि मनात होतं ते मोठ्याने बोलले. "बा राखणदारा म्हाराजा, घोवान ठेवलेलो नारळ बायल उचलता. रागावशीत तर माझ्यार रागाव. ह्या जमनीत अर्दो वाटो माझो, म्हणान ह्या नारळातलोय अर्दो माझो. अर्दो नारळ कोणाक दिऊक येणा नाय. तेवा सगळोच घरी नेतंय." गाऱ्हाण्याला 'होय म्हाराजा' म्हणणारी माणसं लागतात. तिथे कोण होतं? माझं मीच म्हटलं आणि नारळ पदरात घेतला. खाली झर वाहत होती, नेहमीच्या आवाजात.

हे मी उगाच बोलले नव्हते. आमच्या गोव्यात लग्न झालं की नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा अर्धा वाटा पडतो. तिची सही नसेल तर नवऱ्याला वीतभर जागा विकता येत नाही. म्हणजे हे कधी ना कधी कागद घेऊन माझ्यापुढे येणारच होते. उद्या नारळ फोडल्यावर आले असते. सगळ्यांत शेवटी.

दुपारी हे बांगडे घेऊन आले. वॉशरसुद्धा घेऊन आले, दिसेल असा मेजावर ठेवला. मी चुलीपाशी गेले. नारळ वाढवला, खवला, बारीक वाटला, त्याचं बांगड्यांचं हुमण केलं. पान वाढलं. भात, हुमण, बाजूला मीठ. आणि मिठाच्या शेजारी नारळाची शेंडी ठेवली, हळदकुंकवासकट.

यांनी हात धुतले, पाटावर बसले, पानाकडे बघितलं. भाताकडे गेलेला हात मधेच थांबला.

"राखणदाराचो नारळ उचलल्यास?" हे म्हणाले. आवाज अगदी खाली गेलेला.

"माझ्या घरातलो नारळ. मी उचललंय. सही मी करणा नाय."

"म्हायत आसा माका."

"मगे कशाक गेल्यात?"

यांनी शेंडी उचलून तळहातावर घेतली. "कार्तिकात पोफळीवरसून पडलंय मी," म्हणाले. "खालच्या वाफ्यात. तू शेवंतीकडे गेल्लंस. उठाक येय नाय होता. मगे हळूहळू उठलंय, आंग धुलंय. चढूक येणा नाय आता माका. चढणारो माणूस मिळणा नाय. सुपारी झाडारच सुकता. मी गेलंय तर तू एकटी ह्या सगळा कशा करतलंस? ते लोक इले, मी होय म्हटलंय."

कार्तिक ते फाल्गुन. इतके दिवस हा माणूस माझ्यासमोर लंगडत होता आणि मी तळ्यावर जाऊन पाखरं बघणाऱ्याची चौकशी करत होते. मला राग आला, इतका की समोरचं पान उचलून खळ्यात भिरकावावंसं वाटलं. आणि त्याच वेळी यांच्या गुडघ्यावर हात ठेवावासाही वाटला. दोन्ही केलं नाही.

"राखणदाराक सांगल्यात," मी म्हटलं. "इतक्या वेळ उबे रवान सांगल्यात. बघलंय मी. माका सांगूक तोंड नाय तुमका?"

यांनी माझ्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते. थकलेले होते फक्त.

"तो उलटून इचारणा नाय," हे म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, दोष बाईचाच. म्हणा. मी संशय घेतला नसता तर ही झर कधीच लाल खड्ड्यात गेली असती, हे मी अजून म्हणते. पण त्या दुपारी माझ्या जिभेवर प्रश्नांची रांग उभी होती. ते लोक कधी आले, कुणी आणले, काय बोलले, कुठे बसले, मला चुकवून किती वेळा भेटलात. एकेक प्रश्न दातांशी येऊन उभा राहत होता. मी ते सगळे गिळले. घास गिळण्यापेक्षा ते कठीण असतं, ज्याला सवय नाही त्याला.

"जेवा," मी म्हटलं. "निवता."

यांनी भात कालवला. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी यांच्या पानात आणखी एक बांगडा वाढला, पाट सरकवून शेजारी बसले आणि एकच विचारलं.

"लागला खंय?"

यांनी डाव्या हाताने धोतर गुडघ्याच्या वर सरकवलं आणि मला दाखवलं.